तास बुडवणाऱ्यांच्या जिवावर

शहरातली मेट्रो कोणासाठी असते, असं विचारलं तर सरकारी अहवालापासून कट्ट्यावरच्या काकांपर्यंत सगळे एकच उत्तर देतात: नोकरदारांसाठी. सकाळी भरलेला डबा घेऊन निघणारा, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परतणारा आणि घड्याळाच्या काट्याला घाबरणारा हा आदर्श प्रवासी जाहिरातीतही हसतमुख उभा असतो. प्रस्तुत लेखाचं म्हणणं नेमकं उलटं आहे. नोकरदार मेट्रोला मिरवायला बरा. तिचा दिवस निभावून नेतो तो साडेअकराचं लेक्चर चुकवून पावणेबाराला प्लॅटफॉर्मवर उगवणारा कॉलेजकुमार, आणि प्रॅक्टिकल लवकर आटोपलं म्हणून दोन वाजता घरी निघालेली त्याची वर्गमैत्रीण. वाहतूकशास्त्राला थोडी जरी कृतज्ञता असती तर या दोघांचा एखादा पुतळा आतापर्यंत उभा राहिला असता. पुतळ्यांच्या बाबतीत पुणं मागे राहणारं शहर नाही; अडचण असलीच तर रिकाम्या चौकाची. हा दावा पोरकट वाटण्याचा संभव आहे. म्हणून तो पुराव्यानिशी मांडलेला बरा, आणि पुराव्यासाठी कर्वे रस्त्यावरचं ‘गरवारे कॉलेज’ हे स्टेशन घेऊ.

हा टापू मुळातच शिकण्याने पछाडलेला आहे. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचं गरवारे कॉलेज 1945 सालचं. ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याला नाव महर्षी कर्व्यांचं, म्हणजे 1916 मध्ये महिलांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या माणसाचं. पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात 1917 चं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, 1924 चं विधी महाविद्यालय आणि प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 मध्ये सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट. पोथ्या, कायदा आणि सिनेमा, तिन्हींची सोय एका फेरीत. 6 मार्च 2022 रोजी मेट्रो सुरू झाली ती वनाझहून निघून आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळ स्टॉप करत गरवारे कॉलेजपाशी येऊन थांबली. पाच स्टेशनं, पाच किलोमीटर. ‘पुढे काय?’ असं पुणेकरांनी विचारलं आणि पुढचे सतरा महिने त्याचं उत्तर ‘पुढे चालत जा’ असंच होतं. सुरुवातीला मेट्रोत बसायचं म्हणून मेट्रोत बसणाऱ्यांची झुंबड उडाली. सहकुटुंब गरवारेपर्यंत यायचं, फोटो काढायचे आणि आल्या वाटेने परत जायचं. 1 ऑगस्ट 2023 ला गाडी रुबी हॉलपर्यंत आणि 6 मार्च 2024 ला रामवाडीपर्यंत गेली, तेव्हा कुठे शेवटचं स्टेशन मधलं झालं. गंमत अशी, की दिल्लीतही भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाला तो विश्वविद्यालय ते काश्मिरी गेट असाच. यात कोणाचं विद्याप्रेम उफाळून आलं होतं असं समजायचं कारण नाही. जिथवर काम झालं तिथवर गाडी, एवढाच हिशेब. पण नकळत का होईना, टोक ठेवायला कॉलेजाएवढी चांगली जागा नाही हे दोन शहरांत दिसून आलं.

ते का, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पेठेतली एखादी खानावळ पुरते. पंगती दोनच बसल्या म्हणून खानावळीचं भाडं, गॅस आणि आचाऱ्याचा पगार निम्मा होत नाही. मेट्रोलाही चालक, वीज, सुरक्षारक्षक, सरकते जिने, लिफ्ट आणि झाडलोट हे सगळं पहाटेपासून रात्रीपर्यंत पुरवावं लागतं. तीन डब्यांच्या गाडीत नऊशेच्या वर माणसं मावतात. सकाळी कचेऱ्या भरण्याच्या वेळी ती मावली की कोंबली, हा चर्चेचा विषय असतो. दुपारी एक वाजता मात्र तीच गाडी, तीच वीज खात, तितक्याच आदबीने ‘पुढील स्थानक’ अशी घोषणा रिकाम्या बाकांना ऐकवत जाते. बाकं सभ्य असतात, दारात अडून उभी राहत नाहीत, पण तिकीट काढत नाहीत. बरं, दुपारच्या गाड्या कमी कराव्यात तर गाडीसाठी ताटकळावं लागतं. ताटकळलेला माणूस दुसऱ्या दिवशी रिक्षा करतो, मग आणखी गाड्या रिकाम्या जातात आणि आणखी कमी कराव्या लागतात. शहरातली वाहतूक मरते ती बहुतेक वेळा अशी दुपारच्या वेळी मरते. संध्याकाळच्या गर्दीत गुदमरून मेलेली सेवा क्वचितच. तेव्हा मेट्रोला खरी गरज असते ती अशा माणसाची, जो कामधंद्याच्या वेळेत बिनदिक्कत बाहेर भटकतो, रोज भटकतो आणि शेकड्यांनी भटकतो. निवृत्त मंडळी भटकतात, पण ऊन उतरल्यावर. कोर्टकचेरीवाले आणि दवाखान्यात डबा नेणारे भटकतात, पण ते रोजचे नसावेत अशीच आपण प्रार्थना करतो. उरला विद्यार्थी.

विद्यार्थ्याच्या दिवसाकडे रेल्वेच्या नजरेने पाहिलं तर तो देवाने खास याच कामासाठी घडवलाय अशी खात्री पटते. कॉमर्सवाला सकाळी सातला जांभया देत हजर असतो आणि अकराच्या आत मोकळा होतो. सायन्सवाल्याची थिअरी तेवढ्यात संपत असते आणि प्रॅक्टिकलची बॅच कधी बाराची, कधी दोनची. आर्ट्सवाल्याला मधला तास मोकळा मिळतो. तो मोकळा तास पुढचे दोन तास खाऊन टाकतो. स्पर्धा परीक्षेवाला अभ्यासिकेकडे कधी जातो आणि कधी परततो हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं. त्यात विद्यापीठाचा 75 टक्के हजेरीचा नियम. हा नियम करणाऱ्यांनी 75 हा किमान आकडा म्हणून सांगितला. विद्यार्थ्यांनी उरलेले 25 टक्के ही हक्काची रजा मानली. त्या रजेचा हिशेब ते ज्या काटेकोरपणे ठेवतात तसा एखाद्या सहकारी बँकेने ठेवला असता तर ठेवीदार सुखाने झोपले असते. आता या 25 टक्क्यांचा वाहतुकीवरचा परिणाम पाहा. शंभर नोकरदार एका वेळी निघून एका वेळी पोहोचतात. शंभर विद्यार्थ्यांतले वीस वेळेवर जातात, तीस उशिरा जातात, काही अर्ध्यातून परततात, काही पोहोचून वर्गाऐवजी कँटीनमध्ये बसतात आणि काही कॉलेजला जातो सांगून भलतीकडेच उतरतात. शिस्तीच्या दृष्टीने ही शोकांतिका असेल. रेल्वेच्या दृष्टीने मात्र सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी एकसारखी पसरलेली गर्दी म्हणजे लॉटरी लागली. नियोजनकारांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवून, कचेऱ्यांच्या वेळा बदलायच्या शिफारशी करून जे साधलं नाही ते या मुलांनी नुसतं उशिरा उठून साधलं आहे.

हे जवळून पाहायचं असेल तर दुपारी बाराच्या सुमाराला स्टेशनच्या फाटकापाशी उभं राहावं. नोकरदार येतो, कार्ड टेकवतो, आत जातो. पाहण्यासारखं काही नसतं. मग चौघांचा घोळका येतो. तिकीट एकाच्याच मोबाईलवर काढलेलं असतं आणि तो मोबाईल चार टक्के बॅटरीवर अखेरच्या घटका मोजत असतो. पडद्याचा उजेड कमी केल्यामुळे यंत्राला चौकोनी कोड दिसत नाही. उजेड वाढवला तर मोबाईल बंद पडेल, नाही वाढवला तर फाटक उघडणार नाही, असा पेच. चौघं मिळून विचार करतात. प्रयोगशाळेत चौघांच्या गटाला जे एकत्र काम कधीच जमत नाही ते इथे जमतं: एक मोबाईल धरतो, दुसरा हाताने सावली करतो, तिसरा ‘जरा वर, जरा खाली’ सांगतो आणि चौथी पॉवर बँक कोणाकडे आहे म्हणून रांगेतल्या अनोळखी माणसांना विचारते. मागे छत्रीवाले आजोबा ‘आमच्या वेळी’ एवढंच म्हणतात आणि थांबतात, कारण त्यांच्या वेळी मेट्रो नव्हती हे त्यांना वाक्याच्या मध्यावर आठवतं. शेवटी फाटक उघडतं. या सगळ्या खटाटोपात एक गाडी निघून जाते. त्याचं चौघांपैकी कोणालाच काही वाटत नाही. नोकरदाराची गाडी चुकली की लेट मार्क लागतो. यांची चुकली की चहाला वेळ मिळतो. ज्या प्रवाशाला पुढची गाडीही चालते असा प्रवासी कोणत्याही रेल्वेला आवडतो, कारण तो गर्दी आपोआप पुढे ढकलतो.

दुसरा मुद्दा दिशेचा. सकाळी कोथरूड रिकामं होतं आणि सगळं पूर्वेकडे, शिवाजीनगर, येरवडा, रामवाडीकडे धावतं. जाणारी गाडी खच्चून भरलेली. तीच गाडी परत वनाझकडे येताना मात्र चालकाला सोबत व्हावी इतपतच माणसं. नोकरदारांच्या भरवशावर धावणाऱ्या प्रत्येक रेल्वेचं हे दुखणं आहे: अर्धा प्रवास उत्पन्नाचा, अर्धा नुसता परतीचा. कॉलेज मात्र दोन्हीकडून माणसं ओढतं. येरवड्याचा मुलगा सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेने गरवारेला येतो, पिंपरीची मुलगी जिल्हा न्यायालय स्टेशनवर गाडी बदलून येते. 29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून दक्षिणेकडची पोरंही त्याच वाटेने येऊ लागली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्यात म्हणतात. स्वारगेटहून कॉलेजला येणारा विद्यार्थी रोज चढतो, कारण सुमारे 33 मीटर खोल प्लॅटफॉर्मवरून उंचावरच्या दुसऱ्या मार्गिकेवर जायला गत्यंतर नसतं. शिवाय गरवारेला उतरणारे सगळेच विद्यार्थी नसतात. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत कामाला येणाऱ्या बायका, कर्वे रस्त्यावरच्या दुकानांतले नोकर, दवाखान्यांतले पेशंट आणि त्यांना ‘काही नाही होत’ असं सांगायला येणारे नातेवाईक, हे सगळे याच जिन्याने उतरतात. त्यांना दर काही मिनिटांनी दोन्ही दिशांना गाडी मिळते ती त्यांच्या संख्येमुळे मिळते असं त्यांनी समजू नये. ती कॉलेजमुळे परवडते. बाकीच्यांना तिचा फायदा होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पुण्यातला विद्यार्थी मेट्रोने जातोच कशाला, त्याच्या बुडाखाली ॲक्टिव्हा आहे. आक्षेप भक्कम आहे. या शहरात वाहनं माणसांहून जास्त झाली असं म्हणतात आणि संध्याकाळी कर्वे रस्ता पाहिल्यावर त्यावर वाद घालायची इच्छा होत नाही. नळ स्टॉपला खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो असे तीन मजले बांधले. तिसरा सोडला तर दोन्ही मजल्यांवर दुचाक्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. पुणेकराला मेट्रो आवडते, पण मेट्रोच्या स्टेशनपर्यंत तो दुचाकीने जाऊ इच्छितो आणि ती लावायला जागा नाही म्हणून चिडून त्याच दुचाकीने थेट मुक्कामी जातो. तरीही आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे कायदा. पुण्यात ती विसरणं सोपं असतं हे खरं. अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ॲक्टिव्हाचं लायसन मिळत नाही, आणि अकरावी-बारावीचा विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचा असतो. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकांना 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेट्रोचं तिकीट दहा रुपयांपासून सुरू होतं. हा हिशेब घालायला गणिताचा क्लास लावावा लागू नये. त्यात नांदेड, लातूर, सांगलीहून होस्टेलवर आलेल्या मुलांची भर घाला. त्यांच्याकडे पहिल्या वर्षी गाडी नसते, दुसऱ्या वर्षी मित्राची असते आणि तिसऱ्या वर्षी स्वतःची येते, तोवर पेट्रोलचे पैसे संपलेले असतात. म्हणजे ॲक्टिव्हा घेऊनही महिनाअखेरीला तो मेट्रोतच सापडतो.

दुसरा आक्षेप हिशेबनिसांचा: विद्यार्थ्यांना सवलत द्यावी लागते, त्यातून मेट्रोला मिळतं काय? पुण्यात पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तिकिटात 30 टक्के सवलत जाहीर झाली, आणि शनिवार-रविवारी तेवढीच सवलत सगळ्यांना. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस मेट्रो अख्ख्या शहरालाच विद्यार्थी समजते. पुण्यात हे समजणं फारसं चुकीचं नाही, कारण इथे शिकवायला तर सगळेच तयार असतात, विद्यार्थ्यांचीच टंचाई होती. सवलतीचं उत्तर सोपं आहे. सकाळी नऊच्या गाडीत एकाला जागा दिली की दुसऱ्याची जाते, तेव्हा तिथली सवलत परवडत नाही असं म्हणता येईल. दुपारी एकच्या गाडीत विद्यार्थी बसला नाही तर त्या जागेवर कोणीच बसत नाही. गाडी तशीही निघालेली असते, वीज तशीही जळत असते. तेव्हा त्याने दिलेले 70 टक्के हे 30 टक्क्यांनी कमी झालेलं उत्पन्न नसून शून्याच्या जागी आलेले पैसे असतात. हे गणित इतरत्र कधीच सोडवून झालंय. अमेरिकेतल्या सिएटलच्या विद्यापीठाने 1991 मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘यू-पास’ काढला आणि पुढे तो सरसकट सगळ्या विद्यार्थ्यांच्या फीतच घातला. 2016 मध्ये लाइट रेल विद्यापीठाच्या स्टेडियमपाशी पोहोचली तेव्हा पैसे आधीच भरलेला हजारो प्रवाशांचा जमाव तिची वाटच पाहत होता. पैसे तर भरलेत, मग वापरा, या भावनेला मराठी माणूस तरी नाव ठेवणार नाही. फीमध्ये जिमखाना घ्यायचा, मासिक घ्यायचं आणि कधीच न दिसणारी ‘इतर’ नावाची रक्कम घ्यायची, तर त्यात मेट्रो घालायला हरकत काय?

तिसरा आक्षेप सुट्टीचा. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की विद्यार्थी गावी जातो आणि स्टेशन ओस पडतं. अशा हंगामी गिऱ्हाइकावर विसंबायचं कसं? हा आक्षेप घेणाऱ्यांचं स्वतःचं शिक्षण फार पूर्वी झालं असावं. हल्लीच्या कॉलेजला सुट्टी अशी नसतेच, फक्त वर्गांना असते. परीक्षा संपतात तोवर प्रवेशपरीक्षा येतात, त्या संपतात तोवर निकाल लागतात. निकालामागून गुणपडताळणी, त्यामागून एटीकेटीवाल्यांची पुनर्परीक्षा आणि त्या गडबडीतच अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्या. प्रवेशाच्या दिवसांत तर एका विद्यार्थ्यामागे तीन तिकिटं निघतात: तो, फाइल छातीशी धरलेले बाबा आणि ‘जातीचा दाखला घेतला का’ असं प्रत्येक स्टेशनवर विचारणारी आई. झेरॉक्स राहिली म्हणून परत जावं लागलं तर सहा. गणपतीत मेट्रोला उच्चांकी गर्दी होते, अनंत चतुर्दशीला गाड्या रात्रभर धावतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचे आकडे पेपरात येतात, हे सगळं ठीक. पण गणपती दहा दिवसांचे आणि कॉलेज निदान दहा महिन्यांचं. बातमी उत्सवाची होते, घर रोजच्या उत्पन्नावर चालतं.

उरला आक्षेप शेजाऱ्यांचा, आणि शेजाऱ्यांचा आक्षेप कुठेही सर्वांत चिवट असतो. शांत बंगल्यांच्या गल्लीत ही टोळकी येणार, कठड्यांवर बसणार, मोठ्याने हसणार. हसण्यावरचा आक्षेप समजण्यासारखा आहे. प्रभात रस्त्याला त्याची सवय नाही. पण ही टोळकी मेट्रोने आणलेली नाहीत, ती 1945 पासून तिथेच आहेत. मेट्रोने फक्त संध्याकाळी ती परत नेण्याची सोय केली. अमेरिकेत मिनिॲपोलिसला तर खुद्द विद्यापीठच लाइट रेलविरुद्ध 2009 मध्ये कोर्टात गेलं होतं. गाडी वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवरून गेली की कंपनांनी आणि विद्युतचुंबकीय लहरींनी प्रयोगशाळांतली नाजूक उपकरणं बिघडतील, अशी त्यांची भीती. समझोता झाला, बंदोबस्त ठरला आणि 2014 पासून गाडी विद्यापीठाच्या मधून जाते आहे. आपल्याकडे कंपनांची तक्रार गाजली नाही. आपल्या प्रयोगशाळांतली उपकरणं बिघडायला रेल्वेची वाट पाहत बसत नाहीत. आपल्याकडे वाद झाला उंचीचा. 2021 मध्ये लकडी पुलावरच्या मेट्रोचं काम पाहून गणेश मंडळांनी विचारलं, की विसर्जनाचे रथ याखालून जाणार कसे? काम काही काळ थांबलं. मिनिॲपोलिसला विज्ञानाने गाडी अडवली, पुण्यात बाप्पाने. दोन्हीकडे शेवटी गाडी गेलीच. आणि गाडी गेल्यावर शेजाऱ्यांचं भलंच झालं. रात्री नऊला स्टेशनवर पोरं हसत-खिदळत उभी असतात म्हणून एकटी परतणारी नर्स निर्धास्त उतरते. निर्मनुष्य शांततेत कोणालाच सुरक्षित वाटत नाही, बंगल्याच्या मालकालाही. त्याने म्हणूनच कुत्रा पाळलेला असतो.

नावाबद्दलही कुरकुर ऐकू येते: स्टेशनवर उतरणाऱ्या निम्म्यांचा कॉलेजशी संबंध नाही, मग नाव कॉलेजचं का? पुढच्या डेक्कन जिमखाना आणि संभाजी उद्यान स्टेशनांना छपरासाठी पगडीचा आकार मिळाला, नळ स्टॉपला तर एका नळाच्या जोरावर नाव मिळालं. कॉलेजने किमान रोजची माणसं तरी पुरवली. आणि नाव दिलं म्हणून जागा कायमची त्या संस्थेची होते असंही नाही. सिएटलच्या विद्यापीठाने 1895 मध्ये शहराचा मध्यभाग सोडला, तरी तिथल्या रस्त्याला आणि त्यावरून स्टेशनला ‘युनिव्हर्सिटी स्ट्रीट’ हे नाव चिकटून राहिलं. विद्यापीठ शोधत आलेले नवखे लोक कित्येक किलोमीटर आधीच उतरत राहिले. शेवटी 2024 मध्ये त्या स्टेशनचं नाव बदलून ‘सिंफनी’ केलं. गरवारे कॉलेज निदान आपल्या स्टेशनला सोडून गेलेलं नाही, हे त्याचे उपकार मानायचे.

मुद्दे, पुरावे आणि आक्षेप मांडून झाले, आता निकाल. नव्या मार्गिका आखताना कचेऱ्या आणि आयटी पार्क जरूर मोजावेत, पण त्याआधी कॉलेजं मोजावीत, कारण सकाळ-संध्याकाळची गाडी कोणीही भरेल. दुपारची भरणारा हा एकच. मेट्रो चालवणाऱ्यांनी दुपारच्या फेऱ्या कमी करण्याचा मोह टाळावा, कारण विद्यार्थी उशीर करायला कधीही तयार असतो, पण फार वेळ वाट पाहायला कधीही नाही. प्राचार्यांना नम्र विनंती अशी, की सगळे वर्ग एकाच वेळी भरवण्याची सुधारणा कोणी सुचवली तर ती समिती नेमून दोन-चार वर्षं लांबवावी; एवढं कौशल्य प्रत्येक संस्थेत असतं. विद्यार्थ्यांना काही सांगायची गरज नाही, ते आपलं काम न सांगता करत आहेत. आणि वाचकहो, दुपारी मेट्रोत कोणाची गच्च भरलेली सॅक तुमच्या खांद्याला लागली, तर डोळे वटारण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की तो या वेळी वर्गात असता तर तुम्ही या वेळी गाडीत नसता.